बदलत्या समाजाचा अभ्यास: आंतरविद्याशाखीय संशोधन कसे उभे करावे

समाजात होणारे बदल विद्यापीठातील विभागांची वाटणी पाहून होत नाहीत. एखाद्या गावाचा एकमेव कारखाना बंद पडतो तेव्हा मजुरी थांबते, आणि तेवढ्यापुरता तो अर्थशास्त्राचा विषय असतो. पण त्याच आठवड्यापासून घरात निर्णय कोण घेतो हे बदलू लागते, मुलांच्या शिक्षणाचे बेत मागे पडतात, आजारपणे अंगावर काढली जातात आणि मतपेटीतला कौलही हळूहळू फिरतो. यांतला प्रत्येक धागा कोणत्या ना कोणत्या शास्त्राने नीट अभ्यासलेला असतो. सगळे धागे एकत्र धरून पाहणारा अभ्यास मात्र क्वचित होतो, आणि ज्यांना धोरण ठरवायचे असते किंवा त्या बदलाखाली जगायचे असते त्यांना नेमका तोच हवा असतो.

असे आंतरविद्याशाखीय संशोधन, म्हणजे एकाच प्रश्नावर अनेक शास्त्रांची साधने एकत्र वापरणारा अभ्यास, प्रत्यक्षात कसे उभे करावे, हे पुढे सांगितले आहे. पदव्युत्तर प्रबंधाची तयारी करणारे विद्यार्थी, संशोधनाला नव्याने लागलेले प्राध्यापक आणि संस्थांमध्ये सर्वेक्षणाचे काम पाहणारे कार्यकर्ते हा मुख्य वाचक धरला आहे. माझे ठाम मत असे की चार शास्त्रांतील चार जाणकारांनी आपापले प्रकरण लिहून ती एकत्र बांधली म्हणजे संशोधन आंतरविद्याशाखीय होत नाही. दोन शास्त्रांची उत्तरे जेथे एकमेकांशी जुळत नाहीत, तेथे थांबून त्या विसंगतीचा छडा लावणे हेच या कामाचे मर्म आहे, आणि प्रश्नाच्या निवडीपासून ते आराखड्यात धरलेले असले पाहिजे.

प्रश्न कसा निवडावा

चांगल्या प्रश्नाचे उदाहरण म्हणून ‘कुरू’ या रोगाचा शोध पाहण्यासारखा आहे. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या फोरे लोकांमध्ये अंगाला कंप सुटणे, तोल जाणे आणि साधारण वर्षभरात मृत्यू येणे, असा एक आजार पसरला होता. व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजदुसेक यांनी १९५७ मध्ये तो वैद्यकीय जगापुढे मांडला. रोग एकाच कुटुंबात पुन्हा पुन्हा दिसत असल्यामुळे तो आनुवंशिक असावा, असा तर्क पुढे आला. तर्क वाजवी होता. पण इतका प्राणघातक आनुवंशिक दोष एखाद्या समाजात इतक्या मोठ्या प्रमाणावर टिकेल कसा, आणि त्यात स्त्रिया व मुलेच अधिक का मरतात, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नव्हते.

शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे राहायला गेले. त्यांनी वंशावळी नोंदवल्या आणि वृद्धांना विचारले की हा आजार तुमच्या गावात पहिल्यांदा कधी आणि कोणाला झाला. उत्तरे स्पष्ट होती: रोग जिवंत माणसांच्या आठवणीतच आला होता आणि एका गावातून दुसऱ्या गावात सरकत गेला होता. आनुवंशिक दोष काही दशकांत असा गावोगाव फिरत नाही. शिवाय ज्यांना फोरे लोक जवळचे नातेवाईक म्हणत होते, त्यांतील अनेकांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नव्हतेच. मृताचे शरीर खाण्याची अंत्यविधीतील प्रथा मुख्यतः स्त्रिया आणि मुले पाळत असत, प्रौढ पुरुष बहुतेक दूर राहत. ही नोंद आणि रोग्यांचे वय व लिंग यांचा मेळ बसला. पुढे १९६६ मध्ये गाजदुसेक यांच्या चमूने हा रोग चिंपांझींमध्ये संक्रमित होतो हे प्रयोगाने दाखवले आणि १९७६ मध्ये गाजदुसेक यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

या हकिगतीतून प्रश्न निवडणाऱ्याने घ्यायची गोष्ट अशी, की त्या मानववंशशास्त्रज्ञांनी वैद्यकाचे सोंग घेतले नाही. कोण कोणाचे कोण लागते आणि हे केव्हापासून चालू आहे, हे त्यांच्या शास्त्रातले अगदी रोजचे प्रश्न त्यांनी दुसऱ्या शास्त्राच्या अडलेल्या जागी नेऊन विचारले. म्हणून नव्या संशोधकाने ‘मला दुसरे शास्त्रही येते’ हे दाखवण्याचा खटाटोप करू नये. आपल्या शास्त्रातले साधे, घासून गुळगुळीत झालेले साधन कोणत्या परक्या प्रश्नावर चालेल, याचा शोध घ्यावा.

निवडीची एक कसोटी सांगतो. आपला प्रश्न कोणत्याही शास्त्राची परिभाषा न वापरता एका वाक्यात लिहून काढावा. उदाहरणार्थ: ‘तरुण माणसे कामासाठी दूर गेली आहेत अशा घरांत वृद्धांची देखभाल आता कोण करते आणि तिचा भार कोणावर पडतो?’ मग या एकाच वाक्याला लोकसंख्याशास्त्रज्ञ काय उत्तर देईल, अर्थतज्ज्ञ काय देईल, कायद्याचा अभ्यासक काय देईल आणि मानववंशशास्त्रज्ञ काय देईल, हे प्रत्येकी चार-पाच ओळींत लिहावे. पहिला वयोगटांचे बदलते प्रमाण सांगेल, दुसरा घरी येणारे पैसे आणि मोबदल्याविना होणारे श्रम मोजेल, तिसरा जबाबदारी कायद्याने कोणावर आहे ते पाहील, आणि चौथा विचारेल की त्या घरात देखभाल तरी कशाला म्हणतात. यांतील एकच उत्तर पुरेसे वाटले, तर निःसंकोचपणे त्या एकाच शास्त्रात काम करावे. पुष्कळ चांगल्या प्रश्नांना एकच शास्त्र पुरते, आणि निधी देणाऱ्यांना आवडते म्हणून त्यांवर दुसऱ्या शास्त्राचे लेबल चिकटवणे हे वेळेचे आणि सार्वजनिक पैशाचे नुकसान आहे. उत्तरे एकमेकांना छेद देत असतील, किंवा एकाचे गृहीतक दुसऱ्याला शंकास्पद वाटत असेल, तर मात्र प्रश्न योग्य सापडला असे समजावे.

सहकारी कोण असावेत

गट लहान ठेवावा. दोन किंवा तीन शास्त्रे प्रामाणिकपणे एकत्र आणणे हेच पुरेसे कठीण काम आहे. सहा-सात विभागांची नावे असलेल्या प्रस्तावात प्रत्यक्ष काम दोघेच करतात आणि बाकीचे बैठकांना येतात, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा झाल्यावर बोलावण्याची प्रथा तर मोडलीच पाहिजे, कारण नमुना, म्हणजे ज्यांची माहिती घ्यायची ती निवडक माणसे किंवा घरे, चुकीचा निवडला गेला असेल तर नंतरचे कोणतेही गणित तो दुरुस्त करू शकत नाही. तसेच मुलाखती घेणाऱ्या अभ्यासकाला ‘आकडेवारीला जोड म्हणून दोन-चार उद्गार आणून द्या’ अशी दुय्यम जागा देऊ नये.

सुरुवातीचा महिनाभर एकमेकांचे वाचन करण्यासाठी राखून ठेवावा. प्रत्येकाने आपल्या शास्त्रातले दोन लेख सहकाऱ्यांना द्यावेत: एक ज्याचा त्याला अभिमान वाटतो असा, आणि दुसरा जो त्याच्या शास्त्रात मान्यता पावला आहे पण त्याला स्वतःला पटत नाही असा. दुसऱ्या लेखावरची चर्चा अधिक उपयोगी ठरते, कारण पुरावा कशाला मानायचा याविषयी त्या शास्त्रात आतल्या आत काय वाद आहेत हे तिच्यातून बाहेरच्या माणसाला कळते. त्यानंतर प्रत्येकाने निदान एकदा दुसऱ्याच्या पद्धतीने काम करावे. अर्थतज्ज्ञाने एखाद्या लांबलेल्या मुलाखतीला शेवटपर्यंत बसावे आणि मानववंशशास्त्रज्ञाने स्वतः प्रश्नावली घेऊन काही दारे ठोठवावीत.

मोजायचे काय आणि कोणत्या पातळीवर

माझ्या मते अशा बहुसंख्य प्रकल्पांचे घोडे येथेच पेंड खाते. जनगणना करणाऱ्याच्या दृष्टीने एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. अर्थतज्ज्ञाला उत्पन्न एकत्र करणारी माणसे हवी असतात. आणि परगावी राहून दरमहा पैसे पाठवणारा मुलगा पहिल्या व्याख्येत बसत नाही, दुसरीत बसतो. वृद्धांच्या देखभालीचा अभ्यास करताना हा मुलगा कुटुंबात धरला की नाही, यावर सारा निष्कर्ष उलटा होऊ शकतो. म्हणून प्रश्नावली छापण्यापूर्वी मुख्य संज्ञांचा एक तक्ता करावा आणि प्रत्येक संज्ञेसमोर प्रत्येक शास्त्रातला अर्थ व या प्रकल्पापुरता ठरवलेला अर्थ लिहावा. एकमत होत नसेल तर बळेच एक व्याख्या लादू नये. दोन्ही व्याख्यांनुसार वेगळी उत्तरे काढता येतील इतकी तपशीलवार माहिती गोळा करावी. घरातील प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद, तो कोठे झोपतो, कोठे जेवतो आणि पैसे कोणाला देतो, एवढे नोंदले तर नंतर कोणतीही व्याख्या लावून पाहता येते.

दुसरा प्रश्न पातळीचा. शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे ७३९ माणसे अधिक दगावली. साथरोगतज्ज्ञांनी मृत व्यक्ती आणि त्यांच्याच परिसरातील हयात व्यक्ती यांची तुलना करून दाखवले की एकटे राहणे, अंथरुणाला खिळलेले असणे, घरात वातानुकूलन नसणे यांमुळे धोका वाढत होता. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी प्रश्नाचे तोंड वळवले आणि व्यक्तींऐवजी वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लागून असलेल्या दोन वस्त्यांत एकट्या राहणाऱ्या आणि गरीब वृद्धांचे प्रमाण बरेचसे सारखे होते. तरी पहिल्या वस्तीत मृत्यूचे प्रमाण दर लाखामागे ४० आणि दुसरीत केवळ ४ होते. पहिल्या वस्तीतून दुकाने आणि उद्योग निघून गेले होते, घरे ओस पडली होती आणि भीतीपोटी वृद्ध बाहेर पडत नव्हते. दुसरीचे रस्ते गजबजलेले होते आणि वृद्धांना बाहेर पडावेसे वाटेल असे बरेच काही तेथे होते, अशी त्यांची मांडणी होती.

ही मांडणी गाजली, आणि पुढे मिचेल डुनियर या समाजशास्त्रज्ञाने तिच्यावर नेमका आक्षेप घेतला: वस्तीच्या गुणधर्मावरून त्या वस्तीत मेलेल्या व्यक्तींविषयी अनुमान काढता येत नाही, मेलेले लोक खरोखर एकाकी होते का, हे व्यक्तिगणिक पाहिले पाहिजे. हा वाद नव्या संशोधकाने मुळातून समजून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. वस्तीविषयीचा पुरावा व्यक्तीविषयी बोलण्यास पुरत नाही, आणि व्यक्तींची बेरीज म्हणजे वस्ती नव्हे. यावर व्यवहारातला उपाय एकच: आराखड्यातील प्रत्येक अपेक्षित निष्कर्षापुढे तो व्यक्तीविषयी आहे, घराविषयी आहे की वस्तीविषयी आहे, हे लिहावे आणि त्याच पातळीवरची माहिती आपण गोळा करणार आहोत ना, हे ताडून पाहावे. दोन पातळ्यांचा संबंध सांगायचा असेल तर दोन्ही पातळ्यांवर माहिती घ्यावी लागते. त्याला आडवाट नाही.

माहिती गोळा करताना

पद्धतींचा क्रम आधी ठरवावा. थेट मोठे सर्वेक्षण करण्यापूर्वी थोड्या घरांत दीर्घ मुलाखती घेतल्या तर लोक स्वतः कोणते शब्द वापरतात हे कळते आणि प्रश्नावली त्यांच्या बोलीत उतरते. सर्वेक्षणानंतर पुन्हा काही घरांत जावे, आणि या वेळी घरे मुद्दाम निवडावीत: ज्यांची उत्तरे सर्वसाधारण कलाच्या अगदी उलट आली आहेत अशी. सरासरीत न बसणाऱ्या घरांकडून जे शिकायला मिळते ते सरासरीतल्या घरांकडून क्वचितच मिळते.

या बाबतीत मला सर्वांत आदर वाटतो तो मारिएनथाल येथील अभ्यासाविषयी. व्हिएन्नाजवळच्या या वसाहतीतील कापडगिरणी जागतिक मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारी वसाहत बेकार झाली. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा, गणितात डॉक्टरेट मिळवलेले पॉल लाझार्सफेल्ड आणि कायद्याचे पदवीधर हान्स झायझेल यांनी सहकाऱ्यांसह तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कुटुंबांच्या नोंदी ठेवल्या, लोकांकडून दिवसभराची वेळापत्रके भरून घेतली, शाळेतील मुलांचे निबंध वाचले, दुकानांतील विक्री पाहिली आणि जेवणात काय असते हे टिपले. रस्त्याने जाणारी माणसे किती वेगाने चालतात आणि वाटेत किती वेळा थांबतात, याचीही त्यांनी मोजदाद केली. पुरुष वारंवार थांबत आणि सावकाश चालत. घरची कामे उरकायची असल्यामुळे स्त्रिया भराभर जात. वाचनालयाचे शुल्क माफ करूनही दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव सुमारे निम्म्यावर आली होती. रिकामा वेळ वाढला की वाचन आणि राजकीय हालचाल वाढेल, ही अनेकांची अपेक्षा होती; समोर आले ते औदासीन्य, कशातही मन न लागणे आणि वेळेचे भान सुटणे.

चालण्याच्या वेगाचा आकडा एरवी क्षुल्लक ठरला असता. तो बोलका झाला, कारण शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेली वेळापत्रके होती आणि त्यांत पुरुषांना सकाळपासून दुपारपर्यंत काय केले हे आठवत नव्हते. दोन अगदी भिन्न जातींचे पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात तेव्हा निष्कर्षाला जे बळ येते, ते एकाच जातीचा पुरावा दुप्पट गोळा करून येत नाही. त्या अभ्यासकांनी स्वतःवर आणखी एक बंधन घालून घेतले होते: गटातील कोणीही नुसता निरीक्षक म्हणून राहायचे नाही, प्रत्येकाने वसाहतीच्या उपयोगी पडेल असे काही काम करायचे. त्यानुसार कपडेवाटप झाले, वैद्यकीय तपासणी झाली, कपडे बेतायला शिकवणारे वर्ग चालले. हे बंधन आजच्या प्रकल्पांनीही घ्यावे. लोकांचा वेळ आपण फुकट घेत असतो.

बदलत्या समाजात आणखी एक पेच पडतो: मोजण्याची साधनेच जुनी होत जातात. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या जनमत अभ्यासणाऱ्या संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळत होता, तो २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला. प्रश्न तेच राहिले तरी उत्तर देणारी माणसे तीच राहत नाहीत. वर्गवारीचेही तसेच आहे. मोबाइल ॲपवरून काम घेणारा चालक स्वतःला नोकर समजतो की व्यावसायिक, आणि जुन्या प्रश्नावलीतला कोणता चौकोन तो भरतो? जुना प्रश्न काढून टाकला तर आधीच्या वर्षांशी तुलना तुटते, आणि तसाच ठेवला तर नवे वास्तव निसटते. म्हणून एक-दोन फेऱ्यांपुरते जुना आणि नवा असे दोन्ही प्रश्न विचारावेत आणि दोहोंच्या उत्तरांतील फरक स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावा. प्रश्नावली थोडी लांबते, पण तो फरक म्हणजेच अनेकदा बदलाचा पहिला पुरावा असतो.

निष्कर्ष जुळत नाहीत तेव्हा

समजा, वृद्धांच्या देखभालीवरील सर्वेक्षणात बहुतेक वृद्धांनी ‘मुले रोज काळजी घेतात’ असे उत्तर दिले, आणि त्याच घरांत आठवडाभर भरून घेतलेल्या दिनक्रमाच्या नोंदींत मुलांचे नाव जवळजवळ कोठेच आले नाही. शेजारीण जेवण देते, औषधे नातू आणतो, डॉक्टरकडे वृद्ध एकटेच जातात. अशा वेळी गटात दोन मोह उत्पन्न होतात. एक, ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा निधी मोठा त्याची माहिती खरी धरणे. दुसरा, अहवालात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत घालून वाचकावर सोडून देणे. दुसरा मोह अधिक घातक, कारण तो सभ्य दिसतो.

त्याऐवजी विसंगतींची एक वही ठेवावी आणि प्रत्येक विसंगती ठरावीक क्रमाने तपासावी. दोन्ही पद्धतींनी तीच माणसे पाहिली का, की दिनक्रमाची नोंद करायला तयार झालेले लोक मुळातच अधिक एकटे होते? काळ तोच होता का, की सर्वेक्षण सुट्ट्यांमध्ये झाले आणि मुले त्या वेळी घरी आलेली होती? एकक, म्हणजे व्यक्ती, घर की वस्ती, तेच होते का? उत्तर देणाऱ्याने प्रश्नाचा अर्थ काय घेतला: रोजचा फोन हीच त्याच्या लेखी काळजी आहे का? आणि प्रश्न विचारताना खोलीत कोण होते? परक्या माणसासमोर मुलांचे नाव राखण्यासाठी आईवडील जे सांगतात ते खोटे म्हणून टाकून देण्यासारखे नसते; ती कुटुंबाच्या प्रतिष्ठेविषयीची माहिती असते आणि वृद्ध मदत मागायला का कचरतात हे कदाचित तीच सांगते. हे सारे तपासून झाल्यावरच ‘एक मोजमाप चुकले’ या निष्कर्षावर यावे.

या तपासणीतून बहुधा नवा आणि अधिक चांगला प्रश्न हाती येतो. वरील उदाहरणात तो असा असू शकेल, की देखभालीचे श्रेय आणि देखभालीचे श्रम हे दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे कसे जातात. हा प्रश्न एकट्या सर्वेक्षणातून सुचला नसता आणि एकट्या मुलाखतींतूनही नाही. प्रकल्पाच्या वेळापत्रकात अशा तपासणीसाठी निदान पाचवा हिस्सा वेळ आणि थोडा क्षेत्रकार्याचा खर्च राखून ठेवावा, असे मी सुचवेन. तो राखला नाही तर विसंगती सापडूनही तिच्या मागे जाता येत नाही.

दुसऱ्यांनी केलेले अभ्यास एकत्र आणतानाही हेच लागू पडते. सामायिक संसाधनांच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या मूळच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. जंगले, कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारी यांवर मानववंशशास्त्रज्ञ, इतिहासकार, अभियंते यांनी वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेल्या हकिगती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या आणि एका समान तक्त्यात त्यांतील माहिती उतरवून घेतली: नियम कोण करतो, पाळले जातात का हे कोण पाहतो, मोडल्यास काय होते. स्थानिक लोक सामायिक संपत्तीची नासाडीच करतात, हे सर्वमान्य गृहीतक त्यातून ढासळले. असा तक्ता तयार करताना ‘मूळ अभ्यासात याविषयी माहिती नाही’ यासाठी वेगळा रकाना ठेवावा. माहिती नसणे आणि ती गोष्ट घडलेली नसणे, यांची गल्लत झाली की पुढचे सारे चुकते.

गोपनीयता

नावे काढून टाकली म्हणजे माणसे सुरक्षित झाली, ही समजूत एका शास्त्रापुरत्या माहितीतही पूर्ण खरी नसते. अनेक ठिकाणची माहिती जोडली की ती साफ खोटी ठरते. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पोस्टल क्रमांक या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता आहे. आंतरविद्याशाखीय प्रकल्पात आरोग्याची नोंद, उत्पन्न आणि मुलाखतीतील आयुष्याची हकिगत एकाच माणसाशी जोडलेली असते. म्हणून जोडणीची किल्ली, म्हणजे क्रमांक आणि नाव यांची यादी, वेगळ्या जागी आणि एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी, जन्मतारखेऐवजी वयोगट नोंदवावा आणि संमती घेतानाच ‘तुमची ही माहिती त्या माहितीशी जोडली जाईल’ हे साध्या शब्दांत सांगावे.

लेखन, श्रेय आणि वेळ

श्रेयाची वाटणी कामाला लागण्यापूर्वी लेखी करावी. काही शास्त्रांत पहिले नाव महत्त्वाचे, काहींत शेवटचे, काहींत वर्णानुक्रम. हा फरक ठाऊक नसल्यामुळे चांगली मैत्री तुटते. योगदानाच्या १४ भूमिका सांगणारी ‘क्रेडिट’ ही वर्गवारी आज अनेक नियतकालिके वापरतात. संकल्पना कोणाची, माहिती कोणी जमवली, विश्लेषण कोणी केले हे तीत वेगवेगळे नोंदवता येते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र एका शास्त्रात आपला पाया पक्का आहे हे परीक्षकांना दिसेल याची काळजी घ्यावी, आणि दोन मार्गदर्शक असल्यास दोघांचीही आराखड्यावर लेखी संमती घ्यावी.

लिहिताना प्रत्येक प्रकरणाचा पहिला मसुदा त्या विषयाबाहेरच्या सहकाऱ्याने करावा असे मी सुचवेन. सर्वेक्षणाचे निष्कर्ष मुलाखतकाराने आणि मुलाखतींचे निष्कर्ष संख्याशास्त्रज्ञाने मांडून पाहिले की कोठे नुसते परिभाषेच्या आडोशाने काम भागवले आहे ते लगेच उघडे पडते.

वेळेचा प्रश्नही आहेच. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाच्या साथीने ११,००० हून अधिक बळी घेतले. मृतदेहाला स्पर्श करून केल्या जाणाऱ्या अंत्यविधींतून संसर्ग पसरत होता, पण विधींवर सरसकट बंदी घातल्याने लोक मृत्यूच लपवू लागले. शोक करणाऱ्यांना काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही हे मानववंशशास्त्रज्ञांनी समजावून दिल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची कार्यपद्धती जाहीर केली. ही माहिती तीन वर्षांनी शोधनिबंधात छापून आली असती तर तिचा त्या कुटुंबांना काय उपयोग होता? म्हणून काम चालू असतानाच दोन-चार पानांची टिपणे संबंधित यंत्रणेला आणि ज्यांचा अभ्यास केला त्या लोकांना द्यावीत, त्यांत निष्कर्ष किती पक्का आहे हे स्पष्ट लिहावे, आणि सविस्तर निबंध मागाहून प्रसिद्ध करावा.

प्रकल्प आवरताना संज्ञांचा तक्ता, प्रश्नावलीच्या सर्व आवृत्त्या, विसंगतींची वही आणि नावे काढलेली माहिती एकत्र करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा सार्वजनिक माहितीसंग्रहात ठेवावी. संमतीपत्रात ‘काही वर्षांनी पुन्हा संपर्क साधला तर चालेल का’ हा एक प्रश्न आरंभीच घालून ठेवलेला असावा. त्याला होकार देणारी घरे पुढच्या अभ्यासकाला तयार मिळतात, आणि समाज कसा बदलला हे दोन वेगळ्या नमुन्यांच्या तुलनेवरून ताडण्याऐवजी त्याच माणसांना पुन्हा भेटून विचारता येते.